प्रबोधनकाळातील स्त्रीविषयक वाद आणि त्यात उतरलेल्या लेखिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १४०० ते १६५० या काळात फ्रान्स, इटली आणि इंग्लंडमधील काही स्त्रियांनी स्त्रीजातीवर होणाऱ्या आरोपांना लेखी उत्तरे दिली. त्यांच्याविषयी वाचक जे प्रश्न पुनःपुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मजकूर दुसरीकडे पुन्हा न देता तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा वाद नेमका कशाबद्दल होता?

स्त्री स्वभावतःच पुरुषापेक्षा हीन आहे का, हा त्यातील मूळ प्रश्न होता. तिला विद्या द्यावी का, तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा का, लग्न केल्याने पुरुषाचे भले होते की वाटोळे, स्त्रीने राज्य करावे का, असे इतर प्रश्न त्यातूनच फुटत गेले. फ्रेंचमध्ये या साऱ्या वादाला 'केरेल दे फाम' म्हणतात. तो एखाद्या सभेत किंवा एखाद्या वर्षात झाला नाही. एक पुस्तक निघे, त्याला उत्तर येई, त्या उत्तराला प्रत्युत्तर येई, आणि हा क्रम पिढ्यानपिढ्या चालू राहिला.

आरोप करणाऱ्यांजवळ आधारांची तयार शिदोरी असे: स्त्री म्हणजे अपूर्ण राहिलेला पुरुष, हे अ‍ॅरिस्टॉटलचे मत, बायबलमधील हव्वेची कथा आणि पौलाची पत्रे, बायकांवर तुटून पडणारी रोमन कवी जुव्हेनालची उपरोधिका, आणि मध्ययुगीन धर्मपंडितांचे ग्रंथ. अनेक पुरुष लेखकांसाठी हा वक्तृत्वाचा सराव होता, त्यामुळे आज एका बाजूने आणि उद्या दुसऱ्या बाजूने लिहिताना त्यांना काही अडत नसे. ज्यांच्याविषयी हे लिहिले जात होते, त्या स्त्रियांना मात्र तो सराव म्हणून वाचता येणे शक्य नव्हते.

२. या वादात उतरलेली पहिली लेखिका कोण?

क्रिस्तीन द पिझान हे नाव सर्वसाधारणपणे प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. तिचा जन्म १३६४ मध्ये व्हेनिसमध्ये झाला. वडील फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्या दरबारी ज्योतिषी आणि वैद्य असल्याने ती लहानपणीच पॅरिसला आली. पंचविशीत वैधव्य आले. पदरी तीन मुले होती, आई होती, आणि पतीची येणी वसूल करण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. या परिस्थितीत तिने लेखणीवर घर चालवले.

'गुलाबाचा रोमान्स' हे काव्य त्या काळी फ्रान्समध्ये अत्यंत लोकप्रिय होते. त्याचा मोठा उत्तरार्ध जाँ द मँ याने लिहिला होता आणि त्यात स्त्रियांविषयी अतिशय हीन उद्गार होते. १४०१ मध्ये राजदरबारातील विद्वान जाँ द मोंत्रय याने या काव्याची स्तुती केली, तेव्हा क्रिस्तीनने त्याला पत्र लिहून कडाडून विरोध केला. गोंतिए कोल आणि पिएर कोल हे बंधू मोंत्रयच्या बाजूने उतरले. पॅरिस विद्यापीठाचा कुलपती जाँ जेर्सों क्रिस्तीनच्या बाजूने उभा राहिला. फेब्रुवारी १४०२ मध्ये तिने या पत्रव्यवहाराचा संग्रह करून तो राणी इसाबो हिला सादर केला. खाजगी पत्रांतला वाद तिने अशा रीतीने चारचौघांत आणला, आणि आपल्याला गप्प बसवण्याचा मार्ग बंद केला.

३. तिच्या 'स्त्रियांचे नगर' या ग्रंथात काय आहे?

१४०५ चा हा ग्रंथ या संपूर्ण विषयाचा पाया आहे असे मी मानते. त्याची सुरुवात फार प्रामाणिक आहे. क्रिस्तीन आपल्या अभ्यासिकेत बसली असताना मातेओलुस नावाच्या लेखकाचे स्त्रीनिंदेचे पुस्तक तिच्या हाती लागते. पुस्तक सुमार आहे हे तिला कळते. पण एवढे तत्त्वज्ञ, कवी आणि वक्ते एकच गोष्ट सांगत आले असतील तर ती खोटी कशी असेल, या विचाराने तिचा धीर खचतो. स्वतःचा आणि इतर स्त्रियांचा अनुभव तिला काही वेगळेच सांगत असतो, तरी ती अनुभव बाजूला ठेवून ग्रंथांवर विश्वास ठेवते आणि आपण स्त्री म्हणून जन्मलो याचीच तिला शिसारी येते.

त्या क्षणी विवेक, सचोटी आणि न्याय या तीन देवता स्त्रीरूपात प्रकटतात. विवेकदेवता तिला खडसावते: जे तुला स्वतःला ठाऊक आहे ते टाकून, जे तू पाहिलेले नाहीस त्यावर विश्वास का ठेवतेस? मग त्या तिघी तिच्याकडून एक नगर बांधून घेतात. त्याच्या भिंती म्हणजे राण्या, विदुषी, योद्ध्या, निष्ठावंत पत्नी आणि संत स्त्रिया यांच्या कथा. इटालियन लेखक बोकाच्चोने १३६० च्या दशकात प्रसिद्ध स्त्रियांची चरित्रे लॅटिनमध्ये लिहिली होती. क्रिस्तीनने त्यांतून पुष्कळ घेतले, पण ग्रीक पुराणकथेतील मीडियासारख्या बदनाम स्त्रियांच्या कथा आपल्या दृष्टीने नव्याने सांगितल्या. पॅरिसमधील आनास्तेझ या समकालीन स्त्री-चित्रकाराचा उल्लेखही तिने केला. मुलींना मुलांप्रमाणे शाळेत घातले तर त्याही तितक्याच उत्तम शिकतील, हे विधान याच ग्रंथात आहे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तो सुरुवातीचा प्रसंग. निंदा ज्या ग्रंथांत आहे ते सगळे पुरुषांनी लिहिलेले आहेत, म्हणजे आरोप करणाराच येथे साक्षीदार आहे आणि न्यायाधीशही आहे, ही जाणीव पुढच्या अडीचशे वर्षांतील जवळजवळ प्रत्येक लेखिकेच्या लेखनात दिसते.

४. प्रत्येक जण आदाम आणि हव्वेकडेच का वळतो?

कारण त्या समाजात स्त्रीच्या कायदेशीर आणि धार्मिक दुय्यमपणाचे मुख्य समर्थन याच कथेवर उभे होते. ती कथा बाजूला सारता येत नसे. तिचा वेगळा अर्थ लावणे एवढाच मार्ग होता.

इटलीतील वेरोनाची इसोत्ता नोगारोला (१४१८–१४६६) हिने १४५१ मध्ये लुदोव्हिको फोस्कारिनी या व्हेनिसच्या सरदाराशी आदाम अधिक दोषी की हव्वा, यावर लॅटिनमध्ये संवाद लिहिला. आज्ञा आदामाला दिली होती, हव्वेला ज्ञान आणि स्थैर्य कमी मिळाले होते, म्हणून तिचा दोषही कमी, असा इसोत्ताचा युक्तिवाद. तो चलाख आहे, पण महागही आहे: हव्वेची सुटका करण्यासाठी स्त्री दुर्बल असते हे प्रतिपक्षाचेच गृहीतक तिला मान्य करावे लागले.

नंतरच्या लेखकांनी हा मार्ग बहुधा सोडला. आदाम मातीपासून झाला आणि हव्वा आधीच सजीव असलेल्या देहापासून, तीही स्वर्गीय उद्यानात आणि सर्वांत शेवटी. म्हणजे ती सृष्टीचा कळस ठरते, असा उलटा अर्थ लावला जाऊ लागला. उठलेला ख्रिस्त प्रथम मरिया मग्दालीयेला दिसला, याकडेही या लेखिका वारंवार लक्ष वेधत. इंग्लंडच्या रेचल स्पेट हिने लावलेला अर्थ प्रश्न ८ मध्ये आहे.

५. स्त्रियांना विद्यापीठे बंद होती, मग या शिकल्या कुठे?

घरी, आणि बहुधा वडिलांच्या इच्छेमुळे. क्रिस्तीन, लाउरा चेरेता (प्रश्न ६) आणि लुक्रेत्सिया मारिनेल्ला (प्रश्न ७) या तिघींचे वडील शिकलेले होते, आणि मारिनेल्लाचे वडील तर स्वतः वैद्यकावरचे लेखक होते. व्हेनिसची मॉदेराता फोंते (प्रश्न ७) वर्षाच्या आतच पोरकी झाली. तिच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की भाऊ शाळेतून परतला की आज काय शिकलास ते ती त्याच्याकडून वदवून घेत असे आणि अशा रीतीने लॅटिन शिकली. फ्रेंच लेखिका मारी द गुर्ने (प्रश्न १२ आणि १३) हिने लॅटिन स्वतःच, मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी ठेवून, आत्मसात केले. १६३६ मध्ये हॉलंडमधील उत्रेख्त येथील विद्यापीठ सुरू झाले तेव्हा आना मारिया फान स्खुर्मान या विदुषीला व्याख्याने ऐकण्याची परवानगी मिळाली, पण विद्यार्थ्यांना दिसू नये म्हणून तिला आडोशामागे बसावे लागे.

६. 'तू इतर स्त्रियांसारखी नाहीस' ही तर स्तुतीच झाली. त्यावर या लेखिका का संतापत?

या प्रश्नाचे उत्तर लाउरा चेरेता (१४६९–१४९९) हिच्याइतके स्वच्छ कोणी दिलेले नाही. इटलीतील ब्रेश्याच्या या मुलीचे पंधराव्या वर्षी लग्न झाले आणि सुमारे दीड वर्षात पती प्लेगने गेला. ती पुन्हा अभ्यासाकडे वळली आणि विशीत पोहोचण्याआधी तिने आपल्या लॅटिन पत्रांचा संग्रह सिद्ध केला. जानेवारी १४८८ चे तिचे एक पत्र बिबोलो सेंप्रोनी या गृहस्थाला उद्देशून आहे. हे नाव बहुधा कल्पित असावे. तो तिच्या बुद्धीची वारेमाप स्तुती करतो, एका स्त्रीला एवढी विद्या कशी साधली याचे नवल करतो. चेरेता त्याला कळवते की ही स्तुती म्हणजे माझ्या स्त्रीजातीचा अपमान आहे. मला नवलाई ठरवून तू इतर सर्व स्त्रियांना मूर्ख ठरवतोस. मग ती प्राचीन काळापासूनच्या विदुषींची परंपरा मांडते आणि सांगते की विद्या निसर्गाने सर्वांनाच देऊ केलेली आहे. फरक पडतो तो निवडीमुळे आणि कष्टांमुळे.

क्रिस्तीनने आरोपांना उत्तर दिले होते. चेरेताने आरोपाचा अधिक फसवा प्रकार ओळखला, कारण एखादीला डोक्यावर घेऊन बाकीच्यांना खाली ठेवण्याची ही रीत प्रेमळ दिसते आणि म्हणूनच तिला विरोध करणे कठीण जाते. शिकलेल्या स्त्रीला नावे ठेवणाऱ्या स्त्रियांनाही तिने दुसऱ्या एका पत्रात तितक्याच कठोरपणे सुनावले आहे. तिची पत्रे छापली गेली ती थेट १६४० मध्ये, तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी.

७. व्हेनिसमध्ये १६०० साली एकदम दोन मोठे ग्रंथ कसे निघाले?

१५९९ मध्ये जुझेप्पे पास्सी याचे 'स्त्रियांचे दोष' हे जाडजूड पुस्तक व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच वर्षी लुक्रेत्सिया मारिनेल्ला (१५७१–१६५३) हिने 'स्त्रियांची थोरवी आणि श्रेष्ठता, तसेच पुरुषांचे दोष आणि उणिवा' हा ग्रंथ आणला. पास्सीने जशी दोषांची एकेक प्रकरणे लावली होती, तशीच प्रकरणे तिने पुरुषांच्या दोषांवर लावली आणि प्रत्येकाला इतिहासातील उदाहरणे जोडली. अ‍ॅरिस्टॉटलचे नाव घेऊन त्याचे खंडन करण्यास ती कचरली नाही. १६०१ च्या वाढवलेल्या आवृत्तीत तिने बोकाच्चो, स्पेरोनी आणि तोर्क्वातो तास्सो यांच्यासारख्या नामवंत इटालियन लेखकांचाही समाचार घेतला. पास्सीने पुढे पुरुषांच्या दुर्गुणांवरही पुस्तक लिहिले. प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या 'सरावा'चे हे चांगले उदाहरण आहे.

दुसरा ग्रंथ मॉदेराता फोंतेचा 'स्त्रियांचे मोल'. तिचे खरे नाव मोदेस्ता पोत्सो. १५९२ मध्ये चौथ्या बाळंतपणात तिचा मृत्यू झाला आणि ग्रंथ त्याच्या जेमतेम आधी पूर्ण झाला होता. तो आठ वर्षे पडून राहिला आणि पास्सीमुळे विषय तापल्यावर तिच्या मुलांनी छापून आणला. सात स्त्रिया एका विधवेच्या घरामागच्या बागेत दोन दिवस बोलत बसतात, एवढाच त्याचा घाट. कोणी पुरुषांवर आरोप करते, कोणी त्यांची बाजू घेते. हुंडा देऊन स्त्री स्वतःसाठी धनी विकत घेते, हा विचित्र व्यवहार त्या अगदी हिशेबाने तपासतात. वडील आणि भाऊ मुलींचा पैसा कसा बुडवतात हेही बोलतात. दुसऱ्या दिवशी चर्चा ग्रहतारे, पक्षी, मासे, औषधी वनस्पती आणि न्यायालये यांकडे वळते. काही वाचकांना हा भाग विषयांतर वाटतो. मला तो ग्रंथाचा गाभा वाटतो, कारण कोणताही पुरुष ऐकत नसताना या स्त्रिया सगळ्या जगाचे ज्ञान एकमेकींना देत आहेत, आणि आपली लायकी सिद्ध करण्याची गरज त्या घटकेपुरती कोणालाच उरलेली नाही.

८. इंग्लंडमधील स्वेटनम प्रकरण काय होते?

१६१५ मध्ये जोसेफ स्वेटनम याने आधी टोपणनावाने एक स्त्रीनिंदेची पुस्तिका काढली. ती सवंग होती, विस्कळीत होती आणि प्रचंड खपली. १६१७ मध्ये तिला तीन उत्तरे आली. त्यांतील पहिले रेचल स्पेट हिचे. लंडनच्या एका धर्मोपदेशकाची ही मुलगी तेव्हा जेमतेम विशीची होती, आणि तिने मुखपृष्ठावर स्वतःचे खरे नाव छापले. स्वेटनमच्या तर्कातील विसंगती आणि बायबलच्या वचनांची मोडतोड तिने एकेक करून दाखवली. देवाने स्त्रीला पुरुषाच्या डोक्यापासून घडवले नाही आणि पायापासूनही नाही, तर कुशीतून, हृदयाजवळून घडवले, म्हणून ती त्याच्या बरोबरीची आहे, हा तिचा अर्थ.

दुसरे उत्तर 'एस्तेर सॉवरनम' या नावाने आले. त्यात स्वेटनमवर रीतसर खटला भरलेला आहे. तिसरे, सर्वांत जहाल, 'कॉन्स्टान्शिया मुंडा' या नावाने. १६२० मध्ये छापलेल्या एका नाटकात तर रंगमंचावर स्त्रियांनीच त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

स्वेटनमचे पुस्तक आणि स्पेटचे उत्तर या दोन्हींचा प्रकाशक एकच, थॉमस आर्चर, होता, हे लक्षात ठेवावे. वादाने विक्री होते हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यामुळे स्पेटच्या श्रद्धेचे किंवा धैर्याचे मोल कमी होत नाही. पुढे काहींनी ते पुस्तक तिच्या वडिलांचे असल्याची कुजबुज केली, तेव्हा १६२१ च्या आपल्या दुसऱ्या पुस्तकात तिने त्या कुजबुजीलाही उत्तर दिले.

९. टोपणनावांमागे खरोखर स्त्रियाच होत्या का?

सॉवरनम, मुंडा आणि १५८९ मध्ये 'स्त्रियांचे संरक्षण' लिहिणारी 'जेन अँगर' यांच्या आयुष्याचा स्वतंत्र पुरावा मिळालेला नाही, आणि यांपैकी काही लेखन पुरुषांचे असू शकते असे मानणारे अभ्यासक आहेत. म्हणून या तिघींचे दाखले देताना सावधगिरी बाळगावी. क्रिस्तीन, नोगारोला, चेरेता, फोंते, मारिनेल्ला, स्पेट, गुर्ने आणि ताराबोत्ती (प्रश्न १० आणि ११) यांच्याबाबत मात्र अशी शंका नाही. त्यांची कुटुंबे, तारखा आणि कागदपत्रे उपलब्ध आहेत.

१०. 'स्त्रिया माणूसच नव्हेत' असे खरोखर कोणी लिहिले होते का?

लिहिले होते, पण त्यामागचा हेतू समजून घ्यावा लागतो. १५९५ मध्ये स्त्रिया मनुष्य नाहीत असे 'सिद्ध' करणारी एक निनावी लॅटिन पुस्तिका निघाली. ख्रिस्ताचे देवत्व नाकारणाऱ्या एका पंथाची बायबल वाचण्याची पद्धत किती हास्यास्पद आहे, हे दाखवण्यासाठी लेखकाने त्याच पद्धतीने हा निष्कर्ष काढला होता. पण संदर्भ गळून पडला आणि निष्कर्ष तेवढा फिरत राहिला. १६४७ मध्ये तिचे इटालियन भाषांतर झाले आणि १६५१ मध्ये व्हेनिसमधील जोगीण आर्कांजेला ताराबोत्ती हिने त्याचे मुद्देसूद खंडन प्रसिद्ध केले. ज्या विनोदामुळे एका मानवी समूहाचा आत्मा नाकारला जातो, त्याला गांभीर्याने उत्तर देणे तिला आवश्यक वाटले, आणि तिचा निर्णय योग्य होता.

११. ताराबोत्ती जोगीण होती, मग तिने मठांविरुद्ध का लिहिले?

कारण तिला स्वतःच्या इच्छेविरुद्ध मठात टाकले होते. व्हेनिसच्या प्रतिष्ठित घरांत लग्नाचा हुंडा अवाढव्य झाला होता, तर मठात द्यावी लागणारी रक्कम त्याच्या मानाने पुष्कळ कमी होती. म्हणून एखाद्या मुलीचे लग्न करून उरलेल्या मुली मठांत पाठवल्या जात. १६०४ मध्ये जन्मलेली ताराबोत्ती पायाने अधू होती. ती कुमारवयातच सांतान्ना मठात गेली आणि १६५२ मध्ये तेथेच वारली. 'पित्याचा जुलूम' या आपल्या ग्रंथात तिने बाप आणि राज्यसत्ता या दोघांनाही आरोपी केले: घराण्याची मालमत्ता फुटू नये म्हणून मुलींना जन्मठेप दिली जाते आणि तिला धर्माचे नाव दिले जाते. नाव बदललेला हा ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर १६५४ मध्ये हॉलंडमध्ये छापला गेला, आणि चर्चने त्याला निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातले. मनापासून जोगीण होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीविषयी तिची तक्रार नव्हती. मठजीवनाची स्तुती करणारे पुस्तकही तिने लिहिले आहे.

१२. पुरुषांनीही स्त्रियांची बाजू मांडली. मग या लेखिकांचे वेगळेपण काय?

पुरुषांची मदत खरी होती. जर्मन विद्वान हाइनरिख कोर्नेलिउस आग्रिपा याने १५०९ मध्ये लिहिलेला आणि १५२९ मध्ये छापलेला स्त्रीश्रेष्ठत्वाचा ग्रंथ पुढे अनेकांनी वापरला; स्त्रियांना सार्वजनिक कामांपासून दूर ठेवले जाते ते निसर्गामुळे नसून कायदा, रूढी आणि शिक्षण यांमुळे, हे त्याने स्पष्ट म्हटले. लेखिकांचे वेगळेपण पुराव्यात आहे. हुंडा, वैधव्य, मठ, चोरून केलेला अभ्यास, मध्येच तोडलेले बोलणे या गोष्टी त्यांनी भोगलेल्या होत्या आणि त्यांनी त्या पुरावा म्हणून मांडल्या. मारी द गुर्नेने १६२६ मध्ये लिहिले की स्त्रीने कितीही उत्तम युक्तिवाद केला तरी बैठकीतला सर्वांत सामान्य पुरुष नुसते हसून 'बाईच बोलते आहे' असे सुचवतो आणि जिंकतो.

१३. त्यांना समानता हवी होती की श्रेष्ठत्व?

दोन्ही भूमिका आढळतात. मारिनेल्ला उघडपणे श्रेष्ठत्व सांगते, आणि पास्सीला दिलेले उत्तर म्हणून ते समजण्यासारखे आहे. गुर्नेने १६२२ च्या 'स्त्री-पुरुषांची समानता' या निबंधात वेगळी वाट धरली: कोणालाच वरचढ ठरवायचे नाही, स्त्री पुरुषाच्या बरोबरीची आहे एवढेच म्हणायचे. मनुष्याचा आत्मा स्त्री-पुरुष असा विभागलेला नाही, लिंगभेद केवळ संततीसाठी आहे, असे तिचे म्हणणे. खिडकीत बसलेल्या बोक्यासारखे सर्वांत जास्त काही असेल तर ती मांजरीच, हे वचन ती त्यासाठी देते. माझ्या मते हाच पाया अधिक भक्कम आहे, कारण श्रेष्ठत्वाच्या दाव्याला विरोधी यादी करून उत्तर देता येते.

१४. मारिनेल्लाने शेवटी माघार घेतली, हे खरे का?

१६४५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तिने स्त्रियांना उपदेशपर पुस्तक लिहिले. त्यात घरात राहणे, विणकाम करणे हेच बरे, विद्येने स्त्रीच्या वाट्याला केवळ मत्सर आणि उपेक्षा येते, असे ती म्हणते. काही अभ्यासक याला मतपरिवर्तन मानतात, तर काही आयुष्यभराच्या अनुभवातून आलेला कडवट इशारा मानतात. तिने स्वतः लेखन थांबवले नाही, याकडे मी लक्ष वेधीन.

क्रिस्तीनबद्दलही असाच प्रश्न येतो, कारण 'स्त्रियांचे नगर'च्या अखेरीस ती वाईट पतीलाही सोसण्याचा सल्ला देते. घटस्फोट जवळजवळ अशक्य आणि विधवेची मालमत्ताही असुरक्षित असलेल्या काळात तो जगण्याचा सल्ला होता. तो आज पटत नाही, पण तिच्या उरलेल्या ग्रंथाला तो खोडून काढत नाही.

१५. त्यांना स्त्रीवादी म्हणावे का?

मतदान, नोकरी किंवा कायदेबदल यांसाठीची संघटित चळवळ असा अर्थ असेल तर म्हणता येणार नाही. पण स्त्रीचे दुय्यमत्व निसर्गाने नव्हे तर समाजाने घडवले आहे, हा विचार असा अर्थ असेल तर तो येथे स्पष्ट आहे. इतिहासकार जोन केली यांनी १९८२ मध्ये या वादाला प्रारंभिक स्त्रीवादी विचाराची परंपरा म्हणून मांडले आणि त्यानंतर या ग्रंथांकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

१६. गरीब स्त्रियांचे काय?

त्या या ग्रंथांत जवळजवळ नाहीत, आणि ही मोठी उणीव आहे. १६४१ च्या आपल्या लॅटिन प्रबंधात स्त्रियांच्या अभ्यासाचे समर्थन करणारी स्खुर्मान स्वतःच अट घालते की त्या स्त्रीजवळ पैसा आणि घरकामातून मोकळा वेळ असावा. ताराबोत्तीचा रोखही मुख्यतः वरच्या थरातील मुलींकडेच आहे.

१७. वाचायला सुरुवात कोठून करावी?

यांतील बहुतेक ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे मिळतात. प्रथम 'स्त्रियांचे नगर'चा पहिला भाग वाचावा, मग फोंतेच्या संवादाचा पहिला दिवस, आणि त्यानंतर चेरेताचे सेंप्रोनीला लिहिलेले पत्र, जे एका बैठकीत वाचून होते. गुर्नेचा १६२२ चा निबंधही लहान आहे. मारिनेल्ला आणि ताराबोत्ती यांच्याकडे वळण्याआधी पास्सीने काय आरोप केले होते याची आणि व्हेनिसमधील हुंड्याच्या व्यवहाराची माहिती करून घ्यावी, म्हणजे त्यांचा राग कोणावर आणि कशासाठी आहे ते पानोपानी कळत जाईल.